माशाला हिरवं, आक्काला दात

बत्तिशीकाकांनी उभ्या आयुष्यात कुणाचा चेहरा लक्षात ठेवला नाही. त्यांच्या लक्षात राहायचे ते दात. रस्त्यात कुणी हात केला की काका हसून पुढे जायचे, मग थांबून बायकोला हळूच विचारायचे, "कोण गं हे?" पण तोच माणूस "अहो काका!" म्हणून तोंडभर हसला, की ओळख लगेच पटायची. "हां हां, खालची डावी दाढ! कशी आहे?" दाढ बरी असायची. तिच्या मालकाला काय वाटलं, हे विचारायच्या भानगडीत काका कधी पडले नाहीत.

कवळ्या करणं हा त्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवायचे. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा उठवायचे, जबड्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायचे आणि मेणात एकेक दात बसवत जायचे. घराची पुढची खोली हाच कारखाना. भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर ओळीनं जबडे. विजेचा मीटर बघायला नवीन माणूस आला की दारातच थबकायचा आणि मीटर न बघताच अंदाजानं आकडा टाकून निघून जायचा. त्यामुळे काकांचं बिल बरेचदा कमीच यायचं.

निसर्गानं माणसाला दात दिले ते घाईगर्दीत, उरकायचे म्हणून, असं काकांचं ठाम मत होतं. "एक पुढे, एक मागे, सुळा भलतीकडेच. असलं काम मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर त्यानं माझ्या तोंडावर फेकलं असतं," असं ते म्हणत. म्हणून त्यांच्या हातची प्रत्येक कवळी सरळ रेषेत, एका उंचीची, फट नाही की वाक नाही. परिणाम असा झाला, की त्या भागातली साठीपुढची सगळी माणसं एकसारखी हसू लागली. संध्याकाळी बागेतल्या बाकावर म्हातारे ओळीनं बसत आणि कुणी विनोद केला की एकच हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरे. एकदा दोन व्याही एका घरी मुक्कामाला होते. सकाळी बेसिनवरच्या पेल्यांची अदलाबदल झाली आणि दोघं एकमेकांचे दात घालून आपापल्या घरी गेले. हिरड्या दुखत होत्या, पण आरशात सगळं नेहमीसारखंच दिसत होतं. दोघांनीही दोष वयाला दिला. हा किस्सा काका अभिमानानं सांगायचे, हे विशेष.

कवळी घालून दिल्यावर ते गिऱ्हाइकाकडून एक वाक्य म्हणवून घ्यायचे: "सासूचं सोसलं, सुनेचं सोसेना." त्यातला प्रत्येक 'स' स्वच्छ उमटला की काम पास. म्हाताऱ्या बायकांना हे वाक्य इतकं आवडायचं की त्या दोनदा म्हणायच्या. मग काका शेवटची ताकीद द्यायचे. काहीही खा, पण पेरू खाऊ नका. पेरूची बी कवळीखाली गेली की माणूस ब्रह्मांड बघतो.

या काकांना एक मोठी बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हा आक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला लागली आणि तिनं भावाला वाढवलं. तिच्या वरच्या पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट होती आणि त्यातला एक दात किंचित वळलेला होता, दारातून कोण आलंय ते वाकून बघावं तसा. त्या फटीमुळे तिच्या 'स'ला बारीक शीळ यायची. "सांगा, कोणता नंबर हवाय?" एवढं ऐकून लोक तिला ओळखायचे. शेजारच्या आवारातला पेरू तोडून आणला की आधी ती एक चावा घ्यायची, आत अळी नाही ना ते बघायची, आणि मग उरलेला पेरू भावाला द्यायची. भाऊ तिच्या चाव्याच्या जागेवरच तोंड लावायचा. पेरूची बंदी त्याच्या आयुष्यात पुष्कळ नंतर आली.

आता आक्काचं वय झालं होतं. डॉक्टरांनी उरलेसुरले दात काढून टाकले आणि एकटीनं राहणं जमेना, तेव्हा काका तिला आपल्या घरी घेऊन आले. येताना तिनं एक बॅग आणली आणि मांडीवर धरून एक काचेची टाकी. टाकी बुटाच्या खोक्याएवढी. तळाला दगड, वर पाणी, आणि पाण्यात बोटाच्या पेराएवढा एकच मासा. अंगानं चंदेरी, शेपटीला लाल झाक. निवृत्तीच्या वेळी एक्स्चेंजच्या बायकांनी असे पाचसहा मासे दिले होते, त्यातला हा चिवट तेवढा राहिला होता. पाणी गरम ठेवायचा हीटर वगैरे काही नव्हता. "त्याला गारच मानवतं," आक्का म्हणाली. "ऊब दिलीत तर मरेल मेला."

काकांनी तिच्यासाठी एक गुपित तयार ठेवलं होतं. डॉक्टरांकडून आक्काच्या जबड्याचा ठसा परस्पर मागवून त्यांनी आयुष्यातली सर्वोत्तम कवळी बनवली होती. इतकी सरळ रेषा त्यांना आजवर कुणाच्याच तोंडात साधली नव्हती. मखमलीच्या डबीत घालून त्यांनी ती आक्कापुढे धरली. ज्या बाईनं आपल्याला घास भरवला, तिला आपण दात देतोय, या विचारानं त्यांना भरून आलं होतं.

आक्कानं कवळी घातली. "सासूचं सोसलं, सुनेचं सोसेना," असं खणखणीत म्हटलं. एकही 'स' घसरला नाही. काकांनी टाळी वाजवली. मग आक्कानं आरसा घेतला, त्यात पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि कवळी काढून डबीत ठेवली.

"छान झालेत," ती म्हणाली. "पण बारक्या, आधी त्या माशाचं बघ. त्याच्या घरात हिरवं पान नाही आणि मी इथे नवे दात मिरवू? त्याला काहीतरी झाडपाला लाव. तोवर मी दात घालायची नाही."

"आक्का, माशाचा आणि दातांचा काय संबंध?"

"शब्द म्हणजे शब्द," आक्का म्हणाली आणि दुधात भिजवलेला पाव चमच्यानं खाऊ लागली.

काकांची बायको कोपऱ्यात बसून हे बघत होती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून बसून तिच्या उजव्या पायाला सवय लागली होती, की समोरचा चुकीच्या दिशेनं निघाला की पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. घरात तो पाय दिवसभर चालू असे. आत्ताही तिनं तो करकचून दाबला. पण काका बघत होते आक्काकडे.

पुढचे दिवस काकांना जड गेले. कवळीवाल्याची सख्खी बहीण बोळकं घेऊन घरात फिरते, म्हणजे दिव्याखाली अंधारच की! गिऱ्हाइकं यायची, आक्का दार उघडायची, हसायची, आणि गिऱ्हाईक आपल्या पिशवीकडे बघत म्हणायचं, "मी नंतर येतो." पण खरी काळजी वेगळीच होती. आक्का खात नव्हती. कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा, सूप, त्यातही दोन चमचे उरवायची. मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की अंगात काही राहिलं नाही, आणि दातांशिवाय राहिलेल्या हिरड्या आक्रसत जातात. आणखी उशीर केलात तर कुठलीच कवळी बसणार नाही. हे काकांना कुणी सांगायला नको होतं. शेकडो आक्रसलेले जबडे त्यांनी हाताळले होते. आता माशाला हिरवं लावायचं, आणि ताबडतोब लावायचं.

कुणीही शहाणा माणूस दुकानात गेला असता, दोन झाडं घेऊन आला असता आणि पाण्यात खोचून मोकळा झाला असता. काकांच्या धंद्यात असं चालत नाही. ठसा घेतल्याशिवाय तिथे सुईही हलत नाही. त्यांनी माशाला कवळ्या भिजवायच्या वाडग्यात हलवलं, टाकीतलं पाणी उपसलं, आणि तळाच्या दगडांवर तेलाचा हात फिरवून वर प्लास्टर ओतलं. प्लास्टर वाळल्यावर टाकीच्या तळाचा हुबेहूब साचा निघाला, दगडादगडाच्या खळग्यासकट. तो पिशवीत घालून, खांदा एका बाजूला कलवून, काका मासेवाल्याच्या दुकानात गेले.

मासेवाला हिरव्या उजेडात स्वेटर घालून बसला होता. त्यानं साचा काउंटरवर ठेवून घेतला, बोटानं वाजवून पाहिला आणि म्हणाला, "हे काय आजारी आहे?"

"ही टाकी आहे. म्हणजे टाकीचा ठसा आहे. एवढ्या जागेत बसतील अशी झाडं द्या."

"हीटर आहे?"

"नाही. गार पाण्यातला मासा आहे."

"स्वभावानं कसा आहे?"

काकांनी विचार केला. "तोंड उघडझाप करतो, पण दात दिसत नाहीत. त्यामुळे नक्की सांगता येणार नाही."

मासेवाल्यानं मान डोलावली, जणू हे उत्तर त्याला रोजच मिळतं. मग तो बोलू लागला. छोट्या टाकीत भसाभसा वाढणारी झाडं नकोत, महिन्याभरात माशाला राहायला जागा उरत नाही. गार पाण्यात नाजूक, लालचुटूक पानांची झाडं तग धरत नाहीत, ती नुसती दिसायला. हळू वाढणारी, कमी उजेडात जगणारी घ्या. त्यानं जाड, गडद पानांची चार ठेंगणी झाडं काढली. नाव त्यानं अनुबियास असं काहीतरी सांगितलं. "एक लक्षात ठेवा. हा आडवा जाड दांडा दिसतोय ना? तो मुळासारखा दिसतो, पण मूळ नाही. तो पुरायचा नाही. दगडाला नुसता बांधायचा, उघडा ठेवायचा. पुरलात तर कुजेल."

दुकानाच्या मधोमध एक मोठी सुंदर टाकी होती. "त्यात कोणतं झाड आहे?" काकांनी विचारलं.

"ते प्लॅस्टिक आहे," मासेवाला म्हणाला. "खरी लावायला मला वेळ कुठे असतो? दिवसभर लोकांना झाडं सुचवायची असतात."

बस्स! ज्याच्या स्वतःच्या टाकीत प्लॅस्टिक, त्याचं कशाला ऐकायचं, असं काकांनी तिथेच ठरवलं. वर तो सांगत होता की बूड उघडं ठेवा. दाताचं बूड उघडं ठेवणारा माणूस काकांच्या धंद्यात एक दिवस टिकला नसता. दात हिरडीत गळ्यापर्यंत गेलाच पाहिजे, नाहीतर तो हलतो, आणि हलणाऱ्या दाताइतकं लाजिरवाणं जगात काही नसतं.

ते कामाच्या टेबलावर बसले. साच्यावर त्यांनी हिरडी चढवली, या वेळी गुलाबी मेणाची नाही, चिकणमातीची. तीत चारही झाडं त्या आडव्या दांड्यासकट गळ्यापर्यंत रोवली. मागे दाढा असतात तिथे रुंद पानांची, पुढे पटाशीच्या दातांच्या जागी छोटी. एक पान जास्त उंच होतं, ते कानशीनं घासायला गेले, जमेना, तेव्हा कात्रीनं कापलं. डावीकडे पाच पानं तर उजवीकडे पाच पानं. सगळं एका पातळीत आल्यावर त्यांनी ती अख्खी हिरडी उचलून टाकीत बसवली, पाणी भरलं आणि माशाला सोडलं. मासा एका कोपऱ्यात जाऊन थांबला.

"चावून दाखव," काका सवयीनं म्हणाले.

मासा हलला नाही. झाडं तर मुळीच हलली नाहीत. बायको क्लासहून आली, टाकीसमोर उभी राहिली, आणि म्हणाली, "हा मासा आहे की डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेला पेशंट?"

"नवीन कवळी आहे. रुळायला वेळ लागतो," काका म्हणाले.

ती रुळली नाही. आठवडाभरात दांडे आतून मऊ पडले, पानं पिवळी होऊन एकेक गळाली आणि पाण्याला असा वास सुटला की गिऱ्हाइकं आपलं तोंड दाखवायच्या आधी रुमाल काढू लागली. मासा पुन्हा वाडग्यात गेला. काकांनी झाडं उपटून कचऱ्यात टाकली तेव्हा त्यांना मासेवाल्याचे शब्द आठवत होते, पण ते त्यांनी बायकोला सांगितले नाहीत. आक्का मात्र खुशीत दिसली. "राहू दे रे, सावकाश होऊ दे, मला काही घाई नाही," असं म्हणून तिनं सूप बाजूला सारलं. घड्याळ आता कोपराजवळ आलं होतं.

ते पाहून काकांचं डोकं फिरलं. त्यांनी आपलं ताट सरकवलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द ना? मग माझाही ऐक. तुझ्या तोंडात दात येत नाहीत तोवर मीही चावून खाणार नाही."

त्या दिवसापासून घरात दोघं बहीणभाऊ समोरासमोर बसून कुस्करलेलं केळं खाऊ लागले. बायको मधे बसून काकडी कडाकड चावायची. तिच्या चावण्याचा आवाज इतका मोठा वाटायचा की तिला स्वतःलाच लाज वाटू लागली. काका कामावर बसून दिवसभर दात घासायचे, दात जोडायचे, दातांना चकाकी द्यायचे, आणि जेवायला बटाट्याचा लगदा. चणे आहेत तर दात नाहीत, अशी म्हण ऐकली होती. इथे दात होते, चणे होते, आणि दोघंही हट्टाला पेटले होते. आठवड्यानं काकांच्या हातातून कुणाची तरी दाढ निसटून जमिनीवर पडली. ती उचलायला वाकले आणि त्यांना चक्कर आली. जाळीचं दार धरून ते तसेच खाली बसले.

आक्कानं ते पाहिलं. स्वतःचं पोट तिनं इतके दिवस खुशाल मारलं होतं, पण बारक्या उपाशी? हे तिला सोसणारं नव्हतं. ती भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि म्हणाली, "ऊठ. काय आणायचं ते घेऊन ये. मी लावते."

काका मासेवाल्याकडे गेले. या वेळी ठसा नेला नाही. मासेवाल्यानं काही विचारलं नाही, कदाचित काकांच्या तोंडावरच सगळं लिहिलेलं होतं. त्यानं शेवाळासारख्या मॉसचा एक हिरवागार गोळा आणि मांजराच्या शेपटीसारखी पाण्यावर तरंगणारी झुबकेदार फांदी पिशवीत घालून दिली. "ह्यांना पुरायचंच नसतं. ह्यांना काहीच करायचं नसतं. गार पाण्यात आपली आपण राहतात," तो म्हणाला.

काकांनी येतानाच मनात तारेचा सांगाडा रचला होता, फांदी सरळ उभी राहावी म्हणून. आक्कानं त्यांना टाकीला हातही लावू दिला नाही. तिनं बाह्या मागे सारल्या. मॉस शिवणाच्या दोऱ्यानं एका वाकड्या दगडाला गुंडाळला, जिथे पडेल तिथे पडू दिला. फांदी पाण्यावर सोडली, ती एका बाजूला कलली, तशीच राहू दिली. मधली जागा मोकळी ठेवली.

"अगं, मधे फट राहिली," काका कळवळून म्हणाले. "उजवीकडे जास्त झालंय. थांब, मी..."

"हात काढ," आक्का म्हणाली. "फट नको? त्यानं जायचं कुठून मग?"

मासा वाडग्यातून टाकीत आला. थोडा वेळ तसाच थांबला. मग फांदीखालून गेला, मॉसभोवती फिरला, आणि त्या फटीतून आरपार निघून पुन्हा आला. पुन्हा गेला. हिरवं मागेपुढे हलत होतं. काकांनी इतक्या दिवसांत त्याला असं फिरताना पाहिलंच नव्हतं.

"झालं!" काका ओरडले आणि धावत जाऊन मखमलीची डबी घेऊन आले. "लागलं हिरवं. आता घाल."

आक्कानं डबीकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं. पळवाट संपली होती. ती खुर्चीवर बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बारक्या, दात फार सुंदर आहेत रे. पण ते घातले की आरशात मी नसते. कुणी तरी परकी बाई बसलेली असते. बागेतल्या बाकावरची. म्हटलं, एवढ्या मायेनं केलेत, तोंडावर कसं सांगू? म्हणून माशाच्या नावावर थोडे दिवस ढकलले."

काकांनी टाकीकडे बोट केलं. "म्हणजे... माशाला हिरवं नको होतं?"

"त्याला काय धाड भरलीय? तो जन्मभर नुसत्या दगडात राहिला. माझ्या घरी कधी पान नव्हतं त्याच्या टाकीत."

काकांनी दातओठ खाल्ले. टाकीचा ठसा, कुजलेली झाडं, बटाट्याचा लगदा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. "सरळ सांगायचं ना!" ते कडाडले आणि कामाच्या खोलीत जाऊन दार लावून बसले.

फळ्यांवरून सगळे जबडे त्यांच्याकडे बघून हसत होते. एकच हसू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काका बराच वेळ बघत राहिले. आपल्याला अख्ख्या वस्तीचे दात पाठ आहेत आणि आक्काचे दात आपण विसरलो का? पण ते विसरले नव्हतेच. ठसा हातात आला तेव्हा ती फट, तो वळलेला दात, सगळं त्यांना लख्ख आठवलं होतं आणि त्यांनी ते दुरुस्त केलं होतं. आक्काला दुरुस्त केलं होतं! त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की ते एकटेच असून त्यांनी तोंडावर हात घेतला.

मग त्यांनी नवं मेण तापवायला ठेवलं.

फट ठेवणं सोपं असेल असं त्यांना वाटलं होतं. पण हात ऐकेना. चाळीस वर्षांचा सरळ हात तो. दात वळवून बसवला की अंगठा जाऊन त्याला रांगेत आणायचा. फट ठेवली की बोटं ती नकळत मिटवायची. शेवटी बायकोनं शेजारी स्टूल ओढलं, आणि अंगठा हलला की ती पाय दाबून ओरडायची, "ब्रेक!" काका थांबायचे. पुन्हा लावायचे. "ब्रेक!" दोन दिवसांत त्या खोलीत जितक्या वेळा ब्रेक लागला तितका तिच्या गाडीला वर्षात लागला नसेल. पण दात वाकडा बसला. दारातून कोण आलंय ते बघणारा.

जुन्या कवळीचं काय करायचं, हा प्रश्न आक्कानं परस्पर सोडवला. तिनं उरलेला मॉस तिच्यावर दोऱ्यानं गुंडाळला आणि ती टाकीत दगडांवर ठेवली. "पाण्यात विरघळत नाहीत ना?" तिनं विचारलं. "माझ्या कवळ्या?" काकांना राग आला. मासा त्या कवळीत राहायला गेला. दात आ वासून हिरव्यातून चमकायचे आणि मधून लाल शेपटी हलायची. वीजमीटरवाला त्या महिन्यात दारापर्यंतसुद्धा आला नाही.

नवी कवळी काकांनी डबीत घातली नाही, तळहातावर ठेवूनच आणली. आक्कानं खाटेवर बसूनच ती घातली. "सासूचं सोसलं, सुनेचं सोसेना," ती म्हणाली, आणि प्रत्येक 'स' मागे बारीक शीळ आली. धंद्याच्या हिशोबानं काम सपशेल नापास.

आक्कानं आरसा घेतला. खूप वेळ पाहत राहिली. मग आरशातल्या बाईला म्हणाली, "आलीस होय गं परत?"

तिनं उशाखाली हात घातला आणि एक पेरू काढला. कडक, हिरवट. कधी आणवून ठेवला होता कोण जाणे.

"आक्का, पेरू नाही!" काका ओरडले. "बी जाते कवळीखाली! मी सगळ्यांना सांगतो..." बायकोचा पाय जमिनीवर आपटला. आक्काला ब्रेक नव्हता. तिनं करकन चावा घेतला, चावला, चावला, आणि एकदम डोळे मिटून "आई गं!" म्हणाली. बी गेली होती.

"सांगितलं होतं ना!"

"गप रे," डोळ्यांतून पाणी काढत आणि हसत आक्का म्हणाली. तिनं पेरूच्या आत पाहिलं, अळी नव्हती. तिनं तो भावाला दिला.

काकांनी पेरू उजेडाकडे धरला. पांढऱ्या गरात दातांची अर्धी ओळ उमटली होती, आणि तिच्या मधोमध गराची एक बारीक उभी भिंत राहिली होती, फटीत सापडून वाचलेली. शेजारी एक दात किंचित तिरका गेला होता. काकांनी त्या खुणेवरच तोंड लावलं आणि चावून खाल्लं.